एसीत लागलेलं ऊन

मे महिन्यात आम्हा खानदेशी माणसांना एक खोडच लागते. पारा चढला की आम्ही घाबरत नाही, फुशारतो. जळगावचे नातेवाईक फोन करून त्यांचा आकडा सांगतात, आम्ही धुळ्याचा सांगतो आणि ज्याचा कमी त्याने गप्प बसायचं. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, या बढाईखोरांचे म्होरके. गेल्या उन्हाळ्यात ते भर दुपारी शिंदखेड्याहून एसटीने माझ्याकडे धुळ्याला आले.

घरात सकाळपासून वीज नव्हती. मी म्हटलं, चला सिनेमाला, तिथे एसी तरी असेल. पाणी पुढे केलं तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायलं तर बाधतं, हे आमच्याकडे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगतात. मीही आग्रह केला नाही. तसंच त्यांना स्कूटरवर मागे बसवलं.

सिनेमा हिंदीत डब केलेला. एका भल्यामोठ्या शहराच्या उशाशी डोंगर धुमसतोय, एक शास्त्रज्ञ बाई शहर खाली करा म्हणून घसा फोडतेय आणि महापौर काही ऐकत नाही. रस्ते तापून डांबर वितळलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, एवढंच ना, आमच्याकडे या मे महिन्यात. सगळे हसले. आबाही हसले.

मग डोंगर फुटला. लाव्हा गल्लीबोळांतून खाली उतरायला लागला आणि माझे डोळे पडद्याला चिकटले. शेजारी आबा कुडकुडायला लागले. मला वाटलं, एसी झोंबतोय. त्यांनी कानांवर रुमाल घट्ट बांधलेलाच होता, त्यावरून मी माझी ओढणी गुंडाळली. केवढी मी शहाणी! थोड्या वेळाने ते पुटपुटायला लागले. ओढणी नीट करायला मानेला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. ती थंडी नव्हतीच. त्यांना ऊन लागलं होतं.

उन्हाने माणूस जातो, हे आम्हाला दर वर्षी कुणाकुणाच्या घरून ऐकू येतं. आपल्या घरी असं व्हायचं नाही, अशी आमची उगाचच खात्री असते.

उठवायला गेले तर त्यांचे पाय टेकेनात. ताई, खाली बसा ना, असं मागून कुणीतरी खेकसलं. माझं टाळकंच सटकलं. माझा बाप जातोय इथे आणि तुम्हाला सिनेमा सुचतोय, असं मी सगळ्या थिएटरला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलले. दोघे जण उठले. पडद्यावर पूल कोसळत होता, त्या लाल उजेडात त्यांनी आबांना उचलून बाहेर आणलं. काउंटरवर बाटल्या गार करायला ठेवलेला बर्फ मी न विचारता ओढणीत भरला आणि धावत रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी मानेवर, काखेत बर्फ धरत होते. बाहेरून झळा येत होत्या, सिग्नल काही सुटत नव्हता. आबा मला ढकलायला लागले, उरलासुरला जोर लावून, दोन्ही हातांनी. मला वाटलं, बर्फ सोसत नसेल.

"पोरी, तू पय," ते म्हणाले. "मनी वाट नको देखू. ते ई राह्यनं."

त्यांच्या डोळ्यांपुढे तो लाव्हा धुळ्याच्या रस्त्यावरून येत होता. त्यांना स्वतःला हलता येत नव्हतं, म्हणून ते मला पळायला सांगत होते. मी त्यांना आणखी घट्ट धरलं.

दवाखान्यात ओल्या चादरी आल्या, पंखे आले, सलाईन लागलं. डॉक्टर काही खात्री देईनात, नुसतं बघू म्हणाले. मी दाराशी उभी राहून देवाशी भांडत होते, कारण दुसरं कुणी सापडत नव्हतं.

दिवस मावळता मावळता अंग निवलं. मला आत सोडलं. आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "तुले कोठे भाजनं नही ना?"

माझ्या चपला कधीच थिएटरात राहिल्या होत्या. डांबरावरून धावताना दोन्ही तळपायांना फोड आले होते आणि तोवर मला त्यांचा पत्ताही नव्हता. नाही हो आबा, कुठेच नाही, म्हणत मी पाय खाटेखाली ओढून घेतले.