पाल्प्यातली भिंत आणि माझा आखडता हात

नेपाळमधल्या एका खेड्यात शाळा दुरुस्त करायला माणसं हवी आहेत, हे युसूफभाईंनी सांगितलं; तेही जाणार होते. ते गवंडी. आमचे हे वीसेक वर्षं त्यांच्या जोडीनं शेंद्र्याकडच्या बांधकामांवर होते. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. एकटीनं पुस्तकं वाचत किती दिवस काढणार, म्हणून मी हो म्हटलं. धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, इथं टँकरपाशी उभं राहायला माणूस नाय, अन् तुम्ही परदेशात भिंती बांधणार?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या वर्षी आमच्या नळाला दहा दहा दिवस पाणी येत नव्हतं.

मनमाडहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली. व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. सीमा चालत ओलांडली. आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकलं, आणि हे सांगावं असं माणूस उरलं नव्हतं. पुढे भैरहवाहून पाल्प्याची बस, शेवटी जीप. जीपवाला शंभराच्या भारतीय नोटा घेतो, मोठ्या नाही. वळणांनी पोट ढवळतं, आवळासुपारी न्या.

आम्ही मुख्याध्यापिका कमलाबाईंच्या घरी राहिलो. दोन्ही वेळा डाळभात. माझी शेंगदाण्याची चटणी चार दिवसांत संपली.

भूकंपात तडकलेली एक खोली नव्यानं बांधायची होती. दोन आठवड्यांनी शिक्षण कार्यालयाचा माणूस पाहणीला येणार होता. खोली उभी असेल तर सहावीचा वर्ग मंजूर. नाहीतर मुलांनी दीड तास जंगलातून उतरून खालच्या गावच्या शाळेत जायचं. घरटी एक माणूस कामाला यायचा. वाळू वाहणाऱ्या मनमायाची मुलगी नुकती पाचवी पास झाली होती. मनमाया हिंदीत म्हणाली, "नीचे नहीं भेजूँगी दिदी. एक ही बेटी है."

भिंत उभी राहिल्यावर तिला पाणी मारायचं काम मी मागून घेतलं. ह्यांच्या कामावर मी ते पुष्कळ पाहिलं होतं. दुष्काळात आमच्याकडे भिंतीवर गोणपाट टाकतात आणि तेवढंच ओलं ठेवतात; पाणी वाचतं. मी तसंच केलं. शेजारी ओढा खळखळत होता, तरी हात सैल सुटेना. मग्यानं गोणपाट भिजवायचं, खाली गळालेलं पाणी घमेल्यात धरायचं आणि तेच पुन्हा मारायचं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटत होता. डोंगरावरचा वारा दुपारच्या आत गोणपाट वाळवून टाकतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. दुपारभर मी मनमायाबरोबर वाळू चाळत, आमच्याकडच्या दुष्काळाचं तिला सांगत असायची.

आठव्या दिवशी छपराचं लाकूड वर चढवलं आणि भिंतीचा कोपरा भुगा होऊन खाली आला. युसूफभाईंनी खिळ्यानं सांधा खरवडला. पाण्याअभावी सिमेंट धरलंच नव्हतं, रेती गळायला लागली.

"भाभी, कित्ता पानी मारे तुम?"

मी सांगितलं.

"बाजू में नाला बह रहा, और तुम घमेले का पानी फिरा रहे? कायकू?"

भिंत पाडावी लागली. मी कमलाबाईंकडे जाऊन चूक माझी आहे म्हटलं. त्यांनी ओढ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, "पाणी हवं तेवढं घ्या, हे सांगावं लागेल असं आम्हाला वाटलंच नाही."

तपासणीचा माणूस ठरल्या दिवशी आला. भिंत कमरेएवढी झाली होती. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेला. दोन दिवसांनी आमची परतीची गाडी होती. निरोपाला सगळे आले. मनमायाही आली. तिनं मला टिळा लावला. तिच्याकडे मला बघवेना.

लोक विचारतात, अशा कामाला जावं का? जरूर जावं. पण तिथलं ऊन, वारा, पाणी आधी तिथल्या माणसांना विचारावं. मी ह्यांच्याकडून शिकलेलं एवढंच घेऊन गेले, आणि ते तिथे चाललं नाही.

मध्यंतरी कमलाबाईंचा फोन आला. खोली पक्की झाली, छप्परही बसलं. सहावी मात्र यंदा खालीच. चार मुलं जातात, मनमायाची मुलगी जात नाही. मग त्यांनी फोन मनमायाला दिला.

"आपके यहाँ बारिश हुआ, दिदी?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं. ती हळहळली. मुलीचं विचारायचं धाडस मला झालं नाही.