बाईंच्या दातांची चौकशी

हसू आलं की आमच्या शेजारच्या बाईंचा डावा हात आधी वर जायचा. पदराचं टोक तोंडावर यायचं, खांदे हलायचे आणि पदराआडून दबका आवाज यायचा, "हसायचं ऱ्हाऊ द्या, काम सांगा."

पूर्णेला आमची घरं भिंतीला भिंत लागून. बाई जवळच्या खेड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला होत्या. वर्ग जूनमध्ये भरायचा आणि दिवाळीपर्यंत अर्धी पोरं तोंडावर डावा हात ठेवून हसायला लागायची. एकदा एका मुलाची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, लेकराचा दात दुखायलाय का बघा की. घरी हसलं की तोंड धरतंय."

बाईंनी काय केलं असेल ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. पदर वर गेला.

गल्लीत कुणाला फ्रीज घ्यायचा असो की गिझर, आधी चौकशीला मी जातो. किंमत, गॅरंटी, नंतरचा खर्च, सगळं लिहून आणतो. म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी बाई आमच्या ओट्यावर आल्या. हजर आम्ही तिघंच : बाई, माझी बायको आणि मी. विषय सात हजार रुपयांचा.

"भाऊजी, परभणीला दात पांढरे करतात म्हणं. सात हजार मी बाजूला ठेवलेत. फेब्रुवारीच्या शेवटाला मी रिटायर व्हायले. निरोपाला फोटो काढतील. आजवर माझा एक फोटो तोंड उघडं असलेला न्हाई. एक तरी पायजे. तुमी चौकशी करा."

"तुम्हीच जा की यांच्यासंगं," बायको म्हणाली.

"नको वहिनी. आधी भाऊजींना इचारून येऊ द्या. उगं परक्या माणसापुढं आ करून बसायचं."

मी अकरा प्रश्न लिहून परभणीला गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. आधी तपासणी, म्हणाल्या. कीड असेल तर ती भरायची, मग सफाई आणि मग औषध लावायचं. दोन-चार दिवस थंड पाण्याने झिणझिण्या येतात. दोन दिवस चहा बंद, हळदीचं काही खायचं नाही. वर्षभरात रंग हळूहळू उतरतो. घरी लिंबू-सोडा किंवा कोळसा घासायचा नाही, त्याने दात झिजतात. मग त्यांनी कपाटातून दातांच्या रंगांची पट्टी काढली, फिकट ते पिवळट अशी. म्हणाल्या, "डोळ्यातल्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे करायचे नाहीत. चेहरा परका दिसतो."

मी सगळं लिहून घेतलं. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "डाग कशाचे आहेत? एखादा दात बसवलेला आहे का?"

"डाग चहाचे. बसवलेला कुठलाच नाही," मी म्हणालो.

"मग आठवड्याभरात होईल. तरी त्यांना आधी एकदा दाखवायला आणा."

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही. माझा हिशेब वेगळाच चालला होता. रंग वर्षभरात उतरणार असेल तर त्यातला महिना वाया का घालवा? बाईंना सांगितलं, "निरोपाच्या आठवड्यात करा. फोटोत ताजे येतील." बाईंना ते पटलं.

निरोपाला सहा दिवस उरले तेव्हा आम्ही तिघं परभणीला गेलो. खुर्चीत बसल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. डॉक्टरांनी छोटा आरसा फिरवून एकेक दात पाहिला.

"मावशी, हे डाग चहाचे नाहीत. लहानपणी बोअरचं पाणी प्यायलात का?"

"माहेरी दुसरं होतं कुठं?"

"हे त्या पाण्यातल्या फ्लोराइडचे, आतले डाग आहेत. औषधाने आधी जास्तच उठून दिसतात, मग फिके व्हायला वेळ लागतो. आणि हा पुढचा दात बसवलेला आहे."

"बारा वर्षं झाली."

"त्याचा रंग औषधाने बदलत नाही. बाकीचे उजळले की हा एकटा पिवळा दिसेल. दोन आठवडे थांबून, रंग स्थिरावला की त्याजोगा नवा करावा लागतो. महिनाभर आधी आला असतात तर..."

माझ्या हातात अकरा प्रश्नांचा कागद होता. तेवीस वर्षं शेजारी राहून मी बाईंचे दात एकदाही पाहिले नव्हते, आणि त्यांच्याबद्दल छातीठोक उत्तरं देऊन आलो होतो. मी तिथेच म्हणालो, "चूक माझी आहे."

"तुमची कशी?" बाई खुर्चीतून उतरत म्हणाल्या. "मी कुणाला दावले तर तुमाला कळंल."

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मिरखेल स्टेशन गेल्यावर म्हणाल्या, "दोन दिस चहा सोडावा लागला असता. तेवढं वाचलं." माझ्या बायकोने त्यांचा हात हातात घेतला.

निरोपाला आम्ही दोघं गेलो होतो. शाळेपुढे मांडव. शाल, नारळ, साडीचं खोकं आणि वर पालकांनी वर्गणी काढून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ. बाईंच्या हनुवटीपर्यंत सामान आलं. पहिलीची सव्वीस पोरं त्यांच्यापुढे बसवली होती. बाई ओठ मिटून उभ्या.

"हसा बरं समदे," फोटोवाला म्हणाला.

सव्वीसच्या सव्वीस पोरांनी तोंडावर डावा हात ठेवला आणि ती हसली.

बाईंना ते वरून दिसलं. त्यांचा डावा हात उठायला गेला, पण त्यात घड्याळ होतं. खांदे हलायला लागले आणि फोटो निघाला.

जूनमध्ये बाई मुलाकडे नाशिकला गेल्या. शेजारी आता कुलूप आहे. मध्यंतरी मी फोन करून म्हणालो, "आता घाई नाही. पुन्हा डॉक्टरांची वेळ घेऊ का? या वेळी चौकशीलाच तुम्ही सोबत चला."

"हसायचं ऱ्हाऊ द्या, भाऊजी, काम सांगते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. आवाज दबका नव्हता, भांडं खणखणावं तसा मोकळा आला. "त्यो निरोपाचा फोटो मोठा करून पाठवा. हिथं बैठकीत लावायचाय."

फोटोत सव्वीस तोंडं झाकलेली आहेत आणि एकच उघडं आहे.

सात हजारांतून बाईंनी दिले ते तपासणीचे दोनशे, डॉक्टरांना. फोटो मोठा करून चौकटीत बसवायचे साडेचारशे फोटोवाल्याला मी दिले. ते मी त्यांच्याकडून घेतले नाहीत.