सात नंबरचं मशीन

हे सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. कॉलेजच्या आठवणी निघाल्या की बाकी सगळं सांगायचो, एवढंच गाळायचो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. अख्ख्या कॉलेजला इंटरनेटची एकच लाईन, तीही रखडत चालणारी. प्राचार्य रोज विचारायचे, "लाईन खातंय कोण?" म्हणून मी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम बसवला. कोणत्या नंबरच्या मशीनने दिवसभरात किती माहिती ओढली, ते त्यात दिसायचं. नंबर मशीनच्या आत भरलेले. कोणता नंबर कोणत्या टेबलावर, याची यादी मी भिंतीला चिकटवली होती.

दसऱ्यानंतर सात नंबर सुटलाच. बाकी सगळे मिळून जेवढं ओढत, त्याहून जास्त तो एकटा. यादीत सात म्हणजे ऑपरेटर मॅडमचं टेबल. काष्टीहून येणाऱ्या, कामाला चोख, अजून कायम न झालेल्या.

"मॅडम, दिवसभर काय उतरवून घेता?"

"सर, मी हजेरीपट टाईप करते. इंटरनेट उघडतसुद्धा नाही."

"मग आकडा खोटं बोलतो का?"

"ते तुम्हीच बघा ना. प्रोग्रॅम तुमचा, आकडाही तुमचाच."

शिपाई दारातच होता. "मॅडम, तुमचं मशीन हाय का म्हैस? लई पितंय म्हनं!" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

मला काहीच उलगडेना. मागे उभं राहून पाहिलं, तर पडद्यावर खरोखर हजेरीपट. त्या जेवायला गेल्या तरी आकडा चढताच. काहीतरी लपवून चालू ठेवलंय, असं मी धरलं आणि तसं प्राचार्यांना लिहून दिलं. कायम होणं राहिलं बाजूला. मॅडमना लांब खर्डा गावातल्या संस्थेच्या शाळेत कारकून म्हणून पाठवलं.

त्या गेल्यावर त्यांच्या टेबलावरचं मशीन मी बंद करून ठेवलं. सात नंबर तरीही ओढतच होता. बंद मशीन ओढतं कसं? दोन दिवस डोकं चालेना. शेवटी शिपायाला विचारलं, त्या टेबलाला कोणी हात लावला का.

"आता न्हाई, साहेब. खंडेनवमीला लावला हुता. समदी मशीनं पुसून पूजेला एका टेबलावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. माघारी ठेवताना कुठलं कुठं गेलं, कुनी बघितलं? दिसायला समदी सारखीच की."

सगळ्यांची कामं सर्व्हरवर साठवलेली. त्यामुळे मशीन बदललंय हे कोणाला कळलंच नव्हतं. मी माझ्या टेबलावरच्या मशीनचा नंबर उघडून पाहिला. सात. मित्राने दिलेला, आपोआप बातम्या आणत राहणारा एक प्रोग्रॅम दसऱ्यानंतर मीच त्यावर टाकला होता आणि विसरून गेलो होतो.

तो काढला. नवी यादी चिकटवली. प्राचार्य खूश झाले, "बघा, बाई गेल्या आणि लाईन सुटली."

दोन वर्षांनी मुद्दाम खर्ड्याला गेलो. शाळेच्या ऑफिसात मॅडमनी चहा मागवला. "सर, शेवटी कळलं का हो, ते काय होतं? मला अजून कोडं आहे."

"जुनी मशीनं, मॅडम. काय सांगावं," मी म्हणालो.

चहा संपवून परतीची एसटी धरली. "ते मशीन तुमचं नव्हतं, माझं होतं, मला माफ करा," एवढंच बोलायला गेलो होतो.