उसनं घर

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि धावड्याच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होतो. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांना गावठाणात फुकट जागा द्यायची, असा सरकारी हुकूम आला आणि शेजारच्या गावाची पाहणी माझ्या गळ्यात पडली. आदल्या दिवशी मी तिथल्या कोतवालाकडून निरोप धाडला, उद्या मास्तर घरं बघायला येतील. असा निरोप धाडायचा नसतो, एवढी अक्कल मला नव्हती.

त्या गावात धनगराचं एक म्हातारं जोडपं होतं. रोगानं मेंढरं मेली, तेव्हापासून ते मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर राहायचं आणि रोजानं कामाला जायचं. हे मला नंतर कळलं, असं मी जन्मभर सांगत आलो. ते खोटं आहे.

त्यांनी मला एका सारवलेल्या दोनखणी घरात नव्या घोंगडीवर बसवलं. "बसा मास्तर, जल्दी च्या करते," म्हातारी म्हणाली आणि साखर शोधू लागली. एका डब्यात मीठ निघालं, दुसऱ्यात डाळ. ती तिसरा उघडत होती आणि म्हातारा जमिनीकडे बघत होता. स्वतःच्या घरात कोणी साखर अशी शोधत नाही. घर शेजाऱ्याचं होतं, घंटाभरासाठी मागून घेतलेलं. सरकारचा माणूस पहिल्यांदाच आपल्याकडे येणार, त्याला देवळाच्या पायरीवर कसं बसवायचं, एवढाच त्यांचा विचार.

मी विचारायला हवं होतं. पण ऊन चढलं होतं आणि मला घाई होती. चहा पिऊन मी कागदावर लिहिलं, 'घर आहे'. त्यांची अब्रू राखली, अशी मनाची समजूतही घातली. कसली अब्रू अन् काय!

महिन्याभरानं चावडीत पटवाऱ्यानं यादी वाचली. म्हातारा उठला. "आमचं नाव न्हाई आलं. आम्ही तर देवळात ऱ्हातो."

पटवाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. यादी अजून वर गेली नव्हती. 'मला ठाऊक होतं' एवढं म्हणालो असतो तर नाव तिथल्या तिथं चढलं असतं. पण नोकरी जाईल या भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. मी ओरडलो, "मग मला दुसऱ्याचं घर का दाखवलंस? सरकारला फसवतोस?" माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो.

"फसवलं न्हाई मास्तर. तुम्ही आमच्याकडं आल्ते, बसवाया बिलकुल जागा न्हवती, मंग..."

"चुकलं म्हना अन् चला," मागून म्हातारी म्हणाली.

पटवाऱ्यानं यादी मिटली. म्हाताऱ्यानं माझ्यापुढे हात जोडले आणि माफी मागितली. आणि मी, सगळ्या गावासमोर, त्याला माफ केलं.