सत्काराची घाई

तीस वर्षं मी बस चालवली. डेपोनं मला नोकरीत घेतलं, स्वतःच शिकवलं आणि शिकत होतो तेव्हाही पगार दिला. म्हणून मुलगी पायलटचं लायसन घेऊन आली तेव्हा वाटलं, आता नोकरी ठरलेलीच, गंगेत घोडं न्हालं. तिच्या शिक्षणासाठी प्लॉट विकला होता, निवृत्तीचे पैसेही त्यातच गेले होते, पण त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या चुलतभावाला तर धीरच नव्हता. चार गावचे लोक भेटतात म्हणून त्यानं पाचोडला बाजाराच्या दिवशीच तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा आणि चौकात हा मोठा फ्लेक्स: 'आमची कॅप्टन'. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मी कॅप्टन नाही. मला अजून नोकरीसुद्धा नाही." मी म्हणालो, "आज ना उद्या होशीलच. कशाला लोकांचा हिरमोड करायचा?" तिनं गुपचूप फेटा बांधून घेतला. ती चूक माझीच.

नोकरी लागलीच नाही. कंपन्यांना हजारो तास विमान उडवलेले कॅप्टन हवे होते आणि त्यांना ते मागतील तो पगार देत होत्या. हिच्याकडे शिकतानाचे दोनशे तास. हिनं आधी मोठ्या विमानाचं प्रशिक्षण स्वखर्चानं घ्यावं, मग बघू, असं उत्तर मिळायचं. विकायला राहतं घर तेवढं उरलं होतं. मी तयार होतो, ती नाही म्हणाली. चुलतभाऊ मात्र व्हॉट्सअपवर बातम्या पाठवत राहिला, देशात पायलटचा तुटवडा. मला त्या शब्दाचाच राग यायला लागला.

शेवटी तिनं चिकलठाण्याला विमानतळावर काउंटरवरची नोकरी धरली. गावात हे सांगणं माझ्या जिवावर आलं, म्हणून सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात चुलतभाऊ नातवाच्या बारशाला दिल्लीला निघाला. मी सोडायला गेलो. त्या दिवशी तिची सुटी आहे अशी माझी समजूत होती. तो आत गेला, मी काचेबाहेर थांबलो. तासाभरानं तो बॅग ओढत परत आला.

"विमान रद्द. पायलट नाय म्हणं." मग म्हणाला, "अन् हे सांगतंय कोण, तर आपली कॅप्टन. हात जोडून."

मी काचेतून आत तिला शोधू लागलो.

"म्या म्हणलं, बाई, तू हायेस की. लायसन हाय ना तुझ्याकडं? तर नुसती हसली."

त्याला विमानातलं काय कळणार? पण डेपोत असंच व्हायचं. ड्रायव्हर आला नाही, तर आरामखोलीत झोपलेल्या कुणालाही उठवायचे आणि गाडी वेळेवर सुटायची. मीच कितीदा काढलीय. काचेतून ती दिसत होती. एकेका प्रवाशाचं बोलणं मान खाली घालून ऐकत होती.

"तू तरी सांग तिथल्या सायबाला," चुलतभाऊ म्हणाला. "आपण सत्कार केलाय तिचा."

मी त्याची बॅग उचलली. बस असती, तर मीच जाऊन किल्ली तिच्या हातात दिली असती.