मोठ्या मायचा चहाचा डबा

आमच्या मोठ्या मायने चहा करताना कधी चमच्याला हात लावला नाही. तिचं माप एकच. मंडईच्या दिवशी चुलीवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढला की त्यात चहापत्तीचा आख्खा पुडा पडायचा. "चमचा लावाले चाय काय औषध होय?" असं ती विचारायची. नात्याने ती माझी चुलती, वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. पण सानगडीच्या आमच्या मोहल्ल्यात ती लहानथोर सगळ्यांचीच मोठी माय होती.

एरवी पुडा आणला की तो तिच्या माहेरच्या पितळी डब्यात रिकामा व्हायचा. डबा दोनदा जमिनीवर हलकेच आपटला की पत्ती बरोबर गळ्याशी यायची. "डबा गळ्याशी लागला म्हंजे पाहुण्याले भ्यायचं काम नाही," म्हणत ती झाकण लावायची.

आणि पाहुण्यांना आमच्याकडे तोटा नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तेव्हा सोयरेधायरे दिवसभर येत राहतात. अशाच एका मंडईला नाकाडोंगरीहून तिचा भाऊ, आमचा मामा आला. चहाचा घोट घेऊन तो थट्टेने म्हणाला, "बाई, तुहा हात पातळ झाला वं!" आम्ही सगळे हसलो. मोठी माय मात्र हसली नाही.

तिचं न हसणं मला पुढे कळलं. तिची सासू, म्हणजे माझी आजी, शेवटी शेवटी पोटच्या पोराला "कोन गावचा गा तू?" असं विचारायची, आणि त्या दुखण्याची सुरुवात भाजीतलं मीठ विसरण्यापासून झाली होती. मोठ्या मायने सासूचं सगळं केलं होतं. आता पुडा ओतला तरी डबा दोन बोटं रिकामा राहायचा. पत्ती कुठे गेली? आपणच काढली असणार आणि विसरलो असणार, असं तिने धरून टाकलं. तिने डब्याच्या झाकणाला लाल दोरा बांधून पाहिला. उंदरांवरही संशय घेतला, पण "उंदीर काय चाय पेते?" म्हणून तो स्वतःच मागे घेतला. मग एक दिवस ओसरीवर लसूण सोलताना मला हळूच म्हणाली, "बाबू, मी तुले ओळखेनाशी झाली ना, तं रागावजो नको."

सुधादादा, तिचा मुलगा, तिला नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणू लागला. तिने चूल सुनेच्या हवाली केली. चहा सुनेच्या हातचाही पातळच व्हायचा, पण सुनेचा चहा पातळ असतो हे आमच्याकडे गृहीतच आहे, त्यामुळे त्यावर कुणी विचार केला नाही.

पुढच्या मंडईला मामा हटून बसला. "बाईच्या हातची चाय भेटली तं पेतो, नाही तं चाललो."

मोठी माय उठली, पण तिने अट घातली. "पुडा सगळ्याइच्या समोर खोला. मी हात लावत नाही. मंग मले कोनी सांगू नका का तूच काढली म्हनून."

नवा कोरा पुडा मी कात्रीने कापला आणि रिकाम्या डब्यात ओतला. सुधादादाने डबा दोनदा आपटला. पत्ती गळ्याच्या दोन बोटं खाली थांबली. मोठ्या मायने पुडा उलटा करून झटकला, आत डोळा लावून पाहिला. मी मागची बारीक अक्षरं वाचली. चित्र तेच, किंमत तीच, पुडा हवेने तसाच टम्म फुगलेला. वजन तेवढं घटलेलं.

"म्हंजे मी कमती नाही झाली गा," ती म्हणाली. "पुडा कमती झाला!"

आणि ती पदर तोंडाला लावून रडली, रडता रडता हसली. मामा कंपनीला शिव्या घालू लागला, तर तिने त्याला गप्प केलं. "भलं होवो बाप्पा त्याइचं!" लुबाडल्याबद्दल कंपनीला आशीर्वाद देणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. खरं सांगतो, मलाही त्या क्षणी त्या कंपनीचा राग आला नाही. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

तिने चूल परत घेतली. गंजात आता पुडा आणि वरून एक मूठ पडू लागली. पुढे बिस्किटांचा पुडा बारीक झाला, साबणाची वडी पोटात खचली. प्रत्येक वेळी बाकीची गिऱ्हाईकं कुरकुरायची आणि मोठी माय खूश व्हायची. दुकानदाराला हे कोडं कधी सुटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. मी भीत भीत उंबऱ्यात उभा राहिलो, तर आतून आवाज आला, "ये बाबू, वाळून गेला गा तू." मला हायसं वाटलं. सुनेने तिला बशीत चहा दिला. मोठ्या मायने घोट घेतला आणि थांबली.

"पुडा अजून बारीक झाला वाटते वं. डबा पाहा बरं."

सुधादादाने डबा रिकामा करून त्यात नवा पुडा ओतला, दोनदा आपटला आणि तिच्यासमोर धरला. तिने आत बोटं घातली. तीन बोटं मावली.

"पाह्यलं?" ती म्हणाली, आणि गालातल्या गालात हसत उशीला टेकली. त्याच आठवड्यात ती गेली; आम्हा सगळ्यांना नावानिशी हाका मारून गेली.