आपलेकाकांची चूक

आपलेकाकांचं आडनाव आपले नव्हतं. खरं आडनाव काय होतं, हे आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत निम्म्यांना ठाऊक नव्हतं आणि उरलेले विसरले होते. गुजराती घरमालक त्यांना बिनधास्त 'आपलेभाई' म्हणायचा. हे नाव तुमच्या महाराष्ट्रात कुठल्या जातीत येतं, असं त्याने एकदा माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलंही होतं.

नाव पडलं ते बोलण्यावरून. माझं, तुझं, त्यांचं हे शब्द काकांच्या तोंडी येतच नसत. जे काही जगात आहे ते आपलं. "आपल्या पोराचा पाय मोडला" असं ते सांगू लागले की ऐकणाऱ्याने आधी पोरगा कुणाचा हे शोधायचं आणि मग हळहळायचं. एकदा गिरणीच्या दारात त्यांनी "आपली म्हातारी गेली हो" असं सांगितलं, तेव्हा माझे वडील पाळी टाकून धावत घरी आले. आमची आजी ओट्यावर बसून मजेत चहात खारी बुडवत होती. गेलेली म्हातारी लिंबायतची निघाली. ती काकांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर भाजी विकायची, एवढीच काय ती ओळख. आजीने मात्र पुढे बरेच महिने काकांना दारात उभं केलं नाही.

सुरतेत आम्ही मराठी ख्रिस्ती मूठभर. कोणी नगरकडचे, काका जालन्याकडचे, आम्ही नंदुरबारचे. रविवारी काकांच्या खोलीतली खाट बाहेर निघायची, चटया पडायच्या आणि प्रार्थना व्हायची. काका डोळे मिटून सुरुवात करत, "हे आपल्या बापा." अधूनमधून येणाऱ्या पाळकसाहेबांना हे फार खटके. ते शिकलेले, भाषेचे काटेकोर. एका रविवारी त्यांनी काकांना समजावलं, "अहो, देवाशी बोलताना 'आमच्या बापा' म्हणायचं. 'आपल्या' म्हटलं की ज्याच्याशी बोलतो तोही त्यात आला. म्हणजे देवालासुद्धा आपल्यात ओढलंत तुम्ही."

"मग येऊ द्या की," काका म्हणाले. "तो आपल्यात नाही बसला तर बसणार कुठं?"

पाळकसाहेब हसले. आम्हीही हसलो. काकांनी पुढच्या रविवारी पुन्हा तीच चूक केली.

मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. चार पुस्तकं वाचून देव आहे कशावरून, असं वडीलधाऱ्यांना विचारत सुटण्याचं ते वय. आमचे वडील अशा प्रश्नाला "अभ्यास कर" हे उत्तर देत. काका मात्र विचारात पडले. ते पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या गिरणीत घडीखात्यात होते. म्हणाले, "कापडाची दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायचं, मग घडी. मधे गठ्ठ्यांचा ढीग असतो, पलीकडचा माणूस दिसत नाही आपल्याला. पण हाताला ताण लागतो ना? म्हणजे कोणीतरी धरलंय."

"आणि त्याने सोडलं तर?"

"सोडलं तर लगेच कळतं की. कापड खालीच येतं."

मला ते उत्तर अजिबात पटलं नाही. पण तेव्हापासून आई माझ्यासोबत साडीची घडी घालायला लागली की माझं लक्ष हाताकडे जायचं.

त्या वर्षांत चाळ बदलत होती. घरोघरी केबल आली, खिडक्यांना जाळ्या आल्या, समाईक ओट्यावर आडव्या भिंती आल्या. एकाने तर सार्वजनिक नळाच्या पाइपाला गुपचूप मोटर जोडली. त्याच्या घरी धो धो पाणी आणि बाकीच्यांच्या नळाला नुसती सूं सूं. लोक शिव्या देत बसले. काका रोज पहाटे बादली घेऊन त्याच्या दारात उभे राहायचे आणि हसून विचारायचे, "आपलं पाणी आलं का?" आठवडाभरात त्या माणसाने मोटर काढली, आणि काकांशी बोलणं सोडलं.

काकांचा खरा राग एका वाक्यावर होता. "आपलं आपण बघावं." हे वाक्य तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. भांडण सोडवायला कोणी गेलं नाही, तरी हेच. "शब्द बिघडवला लोकांनी," काका म्हणायचे. "आपलं म्हणजे सगळ्यांचं होतं. आता आपलं म्हणजे माझं एकट्याचं झालं. देव नाही असं माणूस पुस्तक वाचून म्हणत नाही बाई. आधी शेजारी नाही असं म्हणतो, मग देव आपोआप नाहीसा होतो." हे मला टोचून म्हटलेलं होतं, पण त्यांचा आवाज असा मऊ की टोचल्याचं घरी गेल्यावर कळायचं.

काकू त्यांच्या अगदी उलट. बारीक, चटपटीत, दिवसभर साड्यांना टिकल्या लावणारी आणि तेवढ्याच टोकदार सुईने बोलणारी. "यांचं सगळं आपलं, म्हणून मला माझं असं काहीच नाही," ती म्हणायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली एकच मुलगी होती त्यांना, करुणा. चौथीत होती. तिच्याबाबतीतही काका 'आपली करुणा' म्हणत, आणि त्यावर मात्र काकू काही बोलत नसे.

मग ते प्लेगचं वर्ष आलं. तापीला पूर येऊन गेला होता. गल्लीत चिखल आणि फुगलेली जनावरं पडून होती. गणपतींचं विसर्जन होतंय तोच माणसं मरत असल्याची बातमी आली, आणि एकदोन दिवसांत शहर फुटलं. ज्याला जे वाहन मिळेल ते घेऊन तो निघाला. दुकानांतल्या कॅप्सुली संपल्या. आमच्या भागातल्या खाजगी दवाखान्यांना कुलपं लागली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं एकमेकांना ओळख न दाखवता जात होती, आणि कोणाला काही विचारलं की उत्तर एकच. आपलं आपण बघा.

आमच्या चाळीच्या टोकाच्या खोलीत भिकनबापू राहायचे. लूमवर काम करणारा खानदेशी म्हातारा, सोबत पुतण्या. बापूंना ताप भरला तसा पुतण्या पाणी आणतो म्हणून बादली घेऊन बाहेर पडला. बादली नळापाशी सापडली, पुतण्या नाही. कोणी त्या दारासमोरून जाईना. काका आत गेले. बापू अहिराणीत म्हणाले, "मन्हं आठे कोणी नही शे." काका म्हणाले, "आपण आहोत की," आणि बाही वर करून त्यांची घाण काढायला बसले.

काकू दारात उभी होती. मी आमच्या उंबऱ्यात उभी राहून हे ऐकलेलं आहे. ती म्हणाली, "सगळी चाळ निघाली. आता तरी आपलं बघा हो."

"आपलंच बघतोय."

"मी करुणेचं म्हणतेय."

"करुणेजवळ तू आहेस. तिकडं गावाला आपली माणसं आहेत, तुझे भाऊ आहेत. या म्हाताऱ्याजवळ कोण आहे?"

 काकू पिशवी भरायला गेली.

आमचंही कुटुंब निघालं होतं, म्हणून काकूला आणि करुणाला आमच्यासोबत घेतलं. काका स्टेशनपर्यंत आले, पण जवळ आले नाहीत. बापूंना हात लावलेला होता ना. करुणा त्यांच्याकडे धावली तर ते हात आडवा धरून मागे मागे सरकले आणि लांबूनच तिला टाटा करत राहिले. गाडीत ती माझ्या मांडीवर बसली होती. "पप्पा कधी येणार?" तिने विचारलं. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपल्या लोकांतून मोकळे झाले की." नंदुरबारला आम्ही उतरलो. त्या दोघी पुढे जळगावला जाऊन काकूच्या माहेरच्या गावाची एसटी धरणार होत्या.

गावात काय झालं ते काकूने पुढे एकदाच माझ्या आईला सांगितलं. सुरतेहून आल्या म्हटल्यावर भावांनी त्यांना वेशीच्या आत घेतलंच नाही. सख्खे भाऊ, दर रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसणारे. त्यांनी शेतातलं पत्र्याचं खोपटं दाखवलं. भाकरी बांधावर ठेवून माघारी जायचे आणि लांबून हाक मारायचे. "आम्हालाही लेकरंबाळं आहेत, ताई," असं म्हणायचे. करुणाला ताप आला. कसला ताप, हे कोणी कधी पाहिलंच नाही. काकूने रस्त्यावर येऊन जीप अडवली, सुरतेचं नाव ऐकून जीपवाल्याने वेग वाढवला. दुसऱ्याने मी मुलीला हात लावणार नाही, तिला मागे पडद्याआड झोपवायचं, असं कबूल करून घेतलं आणि काकू तिला उचलून आणेपर्यंत न थांबता निघून गेला. करुणा त्या खोपटातच गेली. भावांनी कुदळ बांधावर आणून ठेवली आणि जागा लांबून हाताने दाखवली. काकूने खड्डा स्वतः खणला.

भिकनबापूंना प्लेग नव्हताच, हिवताप होता. ते उठून बसले, त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने काकांना निरोप दिला.

आम्ही परतलो तेव्हा काका कामावर जात होते. काकू आली होती, पण त्यांच्याशी बोलत नव्हती. भिकनबापू चाळीत कोणाच्या नजरेला नजर देत नसत. माझ्या वडिलांना म्हणाले, "मी मरी जातू ते बरं व्हतं."  मी काकांकडे गेले. तेव्हा मला काही विचारायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. त्यांनीच आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "ताण लागत नाही हाताला."

त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेब मुद्दाम सांत्वनाला आले. चटया पडल्या. काका उठले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे आमच्या बापा."

खोलीतल्या प्रत्येकाला तो शब्द ऐकू गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं व्याकरण बरोबर आलं होतं. देव तिकडे, आम्ही इकडे. प्रार्थना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते. "पूर्वीसारखंच म्हणा हो. मी उगाच टोकलं तुम्हाला."

"नाही," काका म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं."

मग ते तसेच बोलायला लागले, बाकी सगळ्यांसारखे. माझा डबा, तुमची पाळी, त्यांचं पोरगं. कोणाच्या अडीनडीला जायचे थांबले नाहीत, पण हाक मारल्यावर जात. आधीच हजर असायचं ते संपलं. इकडे शहर झपाट्याने स्वच्छ होत होतं. रस्ते रुंद झाले, कचरा रातोरात उचलला जायला लागला, बाहेरगावचे पाहुणे कौतुक करून जायला लागले. मला त्या स्वच्छतेचा राग यायचा. पळून गेलेले सगळे परत आले, दवाखाने उघडले, भिकनबापूंचा पुतण्यासुद्धा आला आणि त्याच नळावर त्याच बादलीत पाणी भरायला लागला. कोणी कोणाला काही विचारलं नाही. जो तो आपलं बघून सुखरूप होता.

वर्ष झालं तसं काकू आईला म्हणाली, "मला तिकडं जायचंय. तुम्ही चला." आम्ही गेलो. भिकनबापू न विचारता आमच्या मागून एसटीत चढले. भावांनी या खेपेला जेवण रांधलं होतं, काकूने पाण्यालाही हात लावला नाही. शेताच्या कडेला मातीचा लहानसा उंचवटा होता, त्याच्यावर तिने तेव्हाच ठेवलेले दगड होते. पाळकसाहेबांना बोलावू, असं वडील म्हणाले होते, तेव्हा काकू नको म्हणाली होती. "यांनीच करायची प्रार्थना."

काका टोपी काढून उभे राहिले. "हे आमच्या," ते म्हणाले.

"थांबा," काकू म्हणाली. वर्षभरात त्यांच्याशी बोललेला तो तिचा पहिला शब्द. ती मातीपाशी बसलेली होती आणि तिने वर पाहिलं नाही. "मी एकटीनं पुरलं हिला. तुम्ही नव्हता, भाऊ लांब उभे होते. तो तरी होता का इथं? असेल तर तसं म्हणा. नसेल तर प्रार्थना नको मला."

 मला वाटलं, काका आता टोपी घालून चालू लागतील. त्यांचे हात पुढे आले होते, कापडाचं टोक धरल्यासारखे. भिकनबापू बांधाशी तोंड फिरवून बसले होते. मग काकांचा आवाज आला, फाटलेला.

"बापा," ते म्हणाले, "आपली पोर गेली."

 तेवढीच प्रार्थना झाली. ज्याच्याशी बोलतो तोही त्यात येतो, हे पाळकसाहेबांनी आम्हाला शिकवलेलंच होतं. देव आहे कशावरून याचं ते उत्तर होतं का, मला सांगता येणार नाही. आज माझे केस पिकलेत, तरी त्याहून मोठं काही मला कोणी सांगितलेलं नाही.

काकूने दोन्ही तळवे मातीवर टेकवले आणि म्हणाली, "आमेन."